भग्नावशेषांचं एचिंग

पडक्या जुन्या वास्तूंचं चित्र तांब्याच्या नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून मग कागदावर छापतात, ते हे एचिंग. पुस्तकी मराठीत अम्लरेखन, पण बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीमध्ये (स्थापना १९५०) शिकलेल्या कुणाच्या तोंडी हा शब्द येत नाही.

यातलं सगळ्यात मोठं नाव इटलीचा पिरानेसी (१७२०–१७७८). शिकला आर्किटेक्चर, पण बांधकाम म्हणावं असं रोममधलं एकच चर्च त्याच्या नावावर, बाकी आयुष्यभर गडी रोमचे अवशेषच छापत बसला. रोमच्या दृश्यांच्या १३५ प्लेट, वर १७५६ साली प्राचीन वास्तूंवर चार जाडजूड खंड. तेव्हा रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, बराचसा मातीत गाडलेला, वर गुरं चरायची, लोक त्या जागेला गाईंचं मैदानच म्हणायचे, आणि त्याच्या प्रिंटमध्ये ते तसंच दिसतं. माणसं मात्र तो मुद्दाम इवलीशी काढतो, म्हणजे कमानी आहेत त्याहून दांडग्या वाटतात. थोडी लबाडीच, पण चालते.

खरी गंमत ॲसिडमध्ये आहे. पत्र्यावर मेण-डांबराचा थर द्यायचा, सुईने तो खरवडत चित्र काढायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडायची, रेघेवर बुडबुडे धरले की पिसाने हळूच सारायचे. लांबच्या कमानी हलक्या हव्यात, म्हणून प्लेट लवकर बाहेर काढून त्यांच्यावर वॉर्निश लावायचं, मग परत बुडवायची, परत काढायची, असं करत करत पुढची भेगाळलेली भिंत सगळ्यात खोल खाल्ली जाते. तीच शाई जास्त धरते आणि काळीकुट्ट उठते. एखादी रेघ जास्त खाल्ली गेली, कड तुटली, तरी पडक्या भिंतीत ती खपून जाते, नव्याकोऱ्या बिल्डिंगमध्ये नाही खपणार.

बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकात नेपल्स आणि न्यूयॉर्कला जाऊन एचिंग शिकलं, त्यांचे विषय वेगळे, पण इथल्या प्रिंटमेकिंगला त्यांचा मोठा आधार. अवशेष काढायचे तर चांपानेर पन्नासेक किलोमीटरवर आहेच.

छापताना चित्र उलटं होतं हे नवशिके हमखास विसरतात. मी चांपानेरला बसून पावागडचा डोंगर डावीकडे काढला, प्रिंटमध्ये तो उजवीकडे गेला, मला कळलंच नाही, घरी आजीने चष्मा न लावता पकडलं.