तिरक्या रेषेने दुभंगलेला माणूस

अर्धअमूर्त, म्हणजे माणूस ओळखू येतो पण मोडून-वाकवून काढलेला असतो अशा चित्रांच्या प्रदर्शनात कुणीतरी हमखास विचारतं, "याला माणूस नीट काढता येत नाही का?" प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याचं उत्तर मुंबईच्या चित्रकलेतच आहे.

माणूस नीट काढणं हा तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा पायाच. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत १९२० च्या आगेमागे, प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, जिवंत मॉडेल समोर बसवून रेखाटन करण्याचा वर्ग रुजला. पुढे ज्यांनी आकृती मोडली, त्यातले बरेचजण याच शाळेत घडले. मोडण्याआधी ती त्यांच्या हातात पक्की बसलेली होती.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा मुंबईतल्या कलावंतांचा गट उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे त्याचे पहिले सहाजण. गोव्याच्या सूझांनी तर चेहऱ्याचे डोळे थेट कपाळात नेऊन ठेवले. शरीराबद्दलचा धसका समाजातही होताच. १९५४ मध्ये अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' या चित्रावर जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात पोलीस आले. चित्र उतरवायला पदमसींनी नकार दिला, अश्लीलतेचा खटला चालला आणि ते सुटले.

पुढे वाटा फुटल्या. वासुदेव गायतोंडे यांनी आकृती हळूहळू सोडूनच दिली. तय्यब मेहता यांना मात्र ती सोडता आली नाही. मला या साऱ्या प्रवासात तेच सर्वात जवळचे वाटतात.

फाळणीच्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका तरुणाला ठेचून मारताना पाहिलं. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. कत्तलखान्यातला, पाय बांधून पाडलेला बैलही त्यांच्या चित्रांत वर्षानुवर्षं येत राहिला. साठच्या दशकातली त्यांची माणसं जाड, खरबरीत रंगात रुतलेली आहेत. कोसळणाऱ्या माणसाच्या एका चित्राला १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं.

त्याच वर्षी ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांच्या कॅनव्हासमधले सपाट रंग त्यांनी पाहिले आणि परतल्यावर त्यांच्या चित्रातला खरबरीतपणा गेला. १९६९ च्या सुमारास कॅनव्हासवर एक तिरकी रेघ आली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिच्या एका बाजूला धड, दुसऱ्या बाजूला हात. रंग मात्र शांत, भिंतीला द्यावा तसा. किंचाळी आहे, पण रक्त कुठेच नाही. चित्रकाराने आकृती मोडली ती जे पाहिलं ते सांगता यावं म्हणून, असं मला मनापासून वाटतं. सांधे जागच्या जागी असलेल्या शरीरातून ती खिडकी दाखवता आली नसती.

आज तरुण चित्रकार धड-हात वेगळे करून सपाट रंगात ठेवतात तेव्हा ही वाट आधी मळलेली असते. ऐंशीच्या दशकात शांतिनिकेतनला राहून आल्यावर मेहतांच्या चित्रांत काली आली, महिषासुर आला. महिषासुराच्या चित्रात देवीचा हात कुठे संपतो आणि रेड्याचं अंग कुठे सुरू होतं, हे एकेका रेषेचा माग काढत शोधावं लागतं. दोघं एकमेकांत असे गुंतलेत की ही झुंज आहे की मिठी, ते पटकन सांगता येत नाही.