हरितलवक रूपांतरण

वनस्पतिपेशीच्या केंद्रकाऐवजी हरितलवकाच्या (हरितकणूच्या) स्वतःच्या डीएनएमध्ये परके जनुक बसवून पानात हवे ते प्रथिन तयार करून घेण्याचे तंत्र.

तंत्राचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते संभवतात. १९८५ मध्ये द ब्लॉक, शेल व व्हॅन माँटाग्यू यांनी ॲग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत जनुक पोचवणाऱ्या जीवाणूद्वारे तंबाखूच्या हरितलवकात जनुक पोचल्याचे प्रसिद्ध केले. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला रोध करण्याचा गुण, हरितलवकांप्रमाणेच, मातेकडून संततीत उतरल्याचा त्यांचा दाखला होता. मात्र ही वाट पुढे रूढ झाली नाही. त्यामुळे आरंभ १९८८ पासून धरणे अधिक सयुक्तिक. त्या वर्षी बॉइंटन, गिलहॅम व सहकाऱ्यांनी डीएनएचा लेप दिलेले धातूचे सूक्ष्म कण क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालावर वेगाने मारून प्रकाशसंश्लेषणाची गमावलेली क्षमता परत आणली. तंबाखूत हेच १९९० मध्ये स्वाब, हाज्दुकिएविच व मालिगा यांनी साधले.

खरी कसोटी जनुक बसलेल्या पेशींच्या निवडीची. पानाच्या एका पेशीत हरितलवक-डीएनएच्या सुमारे १०,००० प्रती असू शकतात आणि नवे जनुक आरंभी त्यांतल्या मोजक्याच प्रतींत, समजात पुनःसंयोजनाने (सारख्या क्रमाच्या डीएनए-तुकड्यांच्या अदलाबदलीने), ठरलेल्या जागी बसते. स्पेक्टिनोमायसिन या प्रतिजैविकाने युक्त माध्यमावर पानाचे तुकडे पांढरे पडतात; काही आठवड्यांनी त्या पांढऱ्यावर एखादा हिरवा कोंब उगवतो. तेवढ्याने काम झाले असे नव्हे. रायबोसोमच्या (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएत आपोआप झालेल्या उत्परिवर्तनानेही कोंब हिरवा राहतो. असा कोंब स्ट्रेप्टोमायसिन हे दुसरे प्रतिजैविकही घातलेल्या माध्यमावर सहसा टिकत नाही. नव्या जनुकासोबत दिलेले, दोन्हींना रोध करणारे जनुक घेतलेला कोंब टिकतो. पुन्हापुन्हा पुनर्जनन करून जुनी प्रत एकही उरली नाही, याची खात्री करावी लागते.

प्रतींच्या या संख्येमुळेच उत्पादन मोठे मिळते. तंबाखूत मानवी वृद्धिसंप्रेरक विद्राव्य प्रथिनांच्या ७ टक्क्यांहून अधिक (२०००), तर बीटी या जीवाणूचे एक कीटकनाशक प्रथिन सुमारे ४६ टक्के (२००१) मिळाल्याची नोंद आहे. या कीटकनाशक प्रथिनाचे पानात स्फटिकही बनले होते. बहुतेक पिकांत हरितलवके परागातून उतरत नसल्याने जनुक शेजारच्या शेतात पसरण्याचा धोका घटतो. पूर्णतः टळतो असे म्हणता येत नाही. हरितलवकात प्रथिनांना शर्करा जोडली जात नाही, म्हणून बरीच प्रतिपिंडे येथे मूळ रूपात बनत नाहीत.

टोमॅटो व लेट्यूसमध्ये तंत्र यशस्वी झाले आहे. तृणधान्ये मात्र स्पेक्टिनोमायसिनला स्वभावतःच दाद देत नाहीत. भातात सर्व प्रती बदललेली रोपे मिळवणे फार कठीण ठरले आहे.