वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म इतका तापदायक कसा झाला

लहान व्यवसायाची कुठलीही वेबसाइट उघडा आणि ‘संपर्क’ या पानावर जा. ईमेल पत्ता बहुधा दिसणारच नाही. त्याऐवजी सात-आठ रकान्यांचा फॉर्म, त्यातले निम्मे सक्तीचे, आणि शेवटी सिग्नलचे दिवे किंवा झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन शोधायची परीक्षा. नुसता दर विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाने हे का सोसायचे, ते वेबसाइट बनवणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. सगळीकडे असते म्हणून त्यानेही ठेवलेले असते. यातला प्रत्येक अडसर मात्र कधी ना कधी एका ठरावीक उपद्रवावरचा उपाय म्हणून आला. उपद्रव बदलत गेला, अडसर तसेच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार.

दुखण्याचे मूळ ईमेलच्या रचनेत आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञाने एसएमटीपीचे, म्हणजे ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा नेटवर्कवर प्रामुख्याने विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोय त्यात नव्हती. पोस्टकार्डावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. गंमत अशी की नको असलेल्या पत्रांचा प्रश्न याच पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये एका टिपणात मांडला होता, आणि १९७८ मध्ये त्याचा प्रत्ययही आला होता. त्या वर्षी ३ मे रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री विभागातल्या माणसाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कच्या सुमारे ४०० वापरकर्त्यांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकदम धाडले. पत्ते इतके की पत्त्यांच्या रकान्यात मावले नाहीत. उरलेले खालच्या मजकुरात सांडले. तक्रारी झाल्या. पण त्या पाठवणीतून माल विकला गेला असेही थुर्कने पुढे सांगितले, आणि स्पॅम का थांबत नाही याचे निम्मे उत्तर त्यातच आहे: पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य, त्यामुळे हजारात एखादा गळाला लागला तरी धंदा फायद्यात.

१२ एप्रिल १९९४ रोजी फीनिक्समधल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट या संगणकांवरच्या सार्वजनिक चर्चाव्यवस्थेच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांवर टाकली, आणि जाहिरातबाजांना वाट दिसली. आता हवे होते पत्ते. ते वेबपानांवर उघडे पडलेले होते. त्या काळी संपर्क म्हणजे ‘मेलटू’ची साधी लिंक, टिचकी मारली की पत्र लिहायची खिडकी उघडायची. पाहुण्यासाठी याहून सोपे काही झाले नाही. पण पानेच्या पाने चाळून ‘अ‍ॅट’चे चिन्ह दिसेल तिथला मजकूर उचलणारे प्रोग्रॅम आले आणि दुकानाचा पत्ता महिन्याभरात कचऱ्याने भरू लागला. अमेरिकेतल्या सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने खास काढलेले पत्ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहिले. मार्च २००३ च्या तिच्या अहवालानुसार स्पॅमचा सर्वांत मोठा वाटा वेबपानांवर उघड ठेवलेल्या पत्त्यांवर आला होता. चिन्हाऐवजी शब्दात ‘अ‍ॅट’ लिहिलेले पत्ते कोरडे राहिले होते. त्यावरून पत्ते लपवायची चढाओढ लागली. कोणी चिन्हाऐवजी शब्द लिहिला, कोणी पत्त्याचे चित्रच लावले. चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला तो वाचताही येत नाही. गैरसोय पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या वाट्याला आली ती इथे.

मग फॉर्म आले. मॅट राइट याने १९९५ च्या सुमारास ‘फॉर्ममेल’ ही पर्ल भाषेतली छोटी स्क्रिप्ट फुकट उपलब्ध करून दिली आणि ती जगभरच्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर, जाऊन बसली. पत्ता लपवण्यासाठी फॉर्म घ्यायचा, पण चौकशी कोणत्या पत्त्यावर पाठवायची ते पानाच्याच एका अदृश्य रकान्यात लिहिलेले असायचे, आणि स्क्रिप्ट त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. त्या रकान्यात स्वतःला हवा तो पत्ता घालून स्पॅमवाले दुसऱ्याच्या सर्व्हरमधून तिसऱ्याला पत्रे पाठवू लागले. सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, काळ्या यादीत गेला की त्याच सर्व्हरवरच्या इतर दुकानांची पत्रेही परत येऊ लागायची. त्यांचा काही दोष नसताना.

ते भोक बुजवले तर २००५ च्या सुमारास दुसरे सापडले. पीएचपी या भाषेतल्या साध्या फॉर्ममध्ये पाहुण्याने टाईप केलेला ईमेल पत्ता थेट पत्राच्या शीर्षभागात जायचा. शीर्षभागात प्रत्येक सूचना नव्या ओळीवर असते. म्हणून हल्लेखोर पत्त्यानंतर एक ‘एंटर’ आणि पुढे ‘बीसीसी’ची, म्हणजे गुप्त प्रतींची, ओळ घालायचा, त्यात शेकडो पत्ते. सर्व्हर ती ओळ मालकाचीच समजून सगळ्यांना पत्र पाठवायचा. उपाय अगदी छोटा: नाव, विषय आणि पत्ता या रकान्यांत नव्या ओळीची चिन्हे, म्हणजे आस्की या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांतले १० आणि १३, आढळली तर अर्ज नाकारायचा. पाहुण्याला याचा पत्ताही लागत नाही. सगळे उपाय याच जातीचे निघाले असते तर आज फॉर्मविषयी तक्रारच उरली नसती.

पण कॅप्चा आला. कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लुम आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि यंत्र वेगळे करणारी ही चाचणी घडवली; २००७ मध्ये तिचा रीकॅप्चा हा नवा प्रकार आला, २००९ मध्ये तो गूगलने घेतला. वेडीवाकडी अक्षरे वाचण्यात यंत्रे लवकरच तरबेज झाली. शिवाय कॅप्चा सोडवून देणारी मजुरीही बाजारात आली. २०१० च्या सुमारास तिचा दर हजारामागे साधारण एक डॉलर होता. म्हणजे स्पॅमवाल्याला हा अडसर पैशात पडत होता, तोही किरकोळ, आणि गिऱ्हाइकाला वेळेत. आमच्या मते महिन्याला पन्नास-शंभर चौकश्या येणाऱ्या दुकानाला चित्रांची परीक्षा ठेवायचे कारण नाही.

कायद्याचा उपयोग मर्यादितच झाला. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. जाहिरातीत पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता हवा आणि नाव काढायची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळायला हवी, एवढी शिस्त त्याने प्रामाणिक व्यापाऱ्यांना लावली. अप्रामाणिक आधीच आडवाटेने गेले होते. पायाभूत सोय तोडण्याचा परिणाम जास्त झाला. ११ नोव्हेंबर २००८ रोजी स्पॅमवाल्यांना आसरा देणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडताच जगभरातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून अधिक घटला. काही महिन्यांत तो परतला, हा भाग वेगळा.

भारतात केवळ ईमेल स्पॅमसाठी कायदा झालाच नाही. एसएमएस आणि फोनवरच्या जाहिरातींसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम आहेत, ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये, त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याविषयी फसवण्यासाठी केलेल्या ईमेलचा उल्लेख होता. ते कलम गाजले ते भलत्याच कारणाने: नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण रद्द केले, आणि त्याबरोबर ईमेलचा तो तुकडाही गेला. नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

खरा बदल प्रेषकाची ओळख पटवण्यातून आला. एसपीएफ ही नोंद सांगते की एखाद्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात ‘अ‍ॅट’नंतर येणाऱ्या नावाच्या, वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात. डीकिम पत्रावर डिजिटल सही करते. २०१२ मध्ये पुढे आलेले डीमार्क, दिसणारा प्रेषक या दोन्हींशी जुळतो का ते पाहते आणि न जुळल्यास काय करायचे ते सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांवर गूगलने हे तिन्ही बंधनकारक केले, याहूनेही घाऊक पाठवणाऱ्यांना तोच नियम लावला. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवायचे आणि एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची.

आपण कुठे ५,००० पत्रे पाठवतो, असे म्हणून दुकानदार निश्चिंत राहतो आणि नेमका इथेच फसतो. जुने फॉर्म चौकशीचे पत्र पाठवताना ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता घालतात. समजा तो याहूचा आहे. पत्र निघते दुकानाच्या सर्व्हरवरून, नाव याहूचे. याहूचे डीमार्क ‘नाकारा’ म्हणते, आणि खरी चौकशी वाटेतच मरते. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये गिऱ्हाइकाचा, ही योग्य मांडणी. एसपीएफची नोंद डोमेनला एकच हवी. होस्टिंगची एक आणि न्यूजलेटर सेवेची दुसरी अशा दोन टाकल्या तर दोन्ही बाद ठरतात. एका नोंदीत डीएनएस, म्हणजे डोमेनची नोंदवही, पाहायला लावणारे उल्लेख दहापर्यंतच चालतात.

आणखी एक सवय घातक. फॉर्ममधून आलेला कचरा पाहून मालक इनबॉक्समध्ये ‘स्पॅम’चे बटण दाबतो. ते पत्र त्याच्याच डोमेनवरून आलेले असते, म्हणजे तक्रार स्वतःविरुद्धच नोंदवली जाते. असला कचरा नुसता डिलीट करावा.

दारावरचा पहारा आता सर्व्हरवर हलवता येतो. फॉर्ममध्ये एक फसवा रकाना ठेवावा, सीएसएसने, म्हणजे पानाच्या मांडणीच्या सूचनांनी, नजरेआड केलेला. तो भरून आला तर पाठवणारा बहुधा बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम. त्याचे नाव ‘कंपनी’ किंवा ‘वेबसाइट’ असे ठेवू नये, कारण ब्राउझरचे ऑटोफिल ते आपोआप भरते आणि खरे गिऱ्हाईक गळते. टॅबचे बटण तिथे थांबणार नाही आणि स्क्रीन रीडर तो वाचणार नाही, हेही पाहावे. पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला अर्ज संशयित धरावा. पण पान कॅशेतून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, येत असेल तर वेळेचा शिक्का जुनाच राहतो आणि ही चाचणी निकामी होते. आयपीवरून अडवताना हात आखडता घ्यावा, कारण मोबाइल कंपन्या एकच आयपी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. संशयित अर्ज पुसू नयेत. वेगळ्या फोल्डरात ३० दिवस ठेवावेत.

आपोआप जाणारे ‘धन्यवाद’ हे पत्र शक्यतो टाळावे. तिसऱ्याच माणसाचा पत्ता आणि नावाच्या रकान्यात लिंक घालून हल्लेखोर तुमच्याच आभारपत्रातून जाहिरात पोचवतो. पाठवायचेच तर गिऱ्हाइकाने लिहिलेला एकही शब्द त्यात परत छापू नये.

मराठी गिऱ्हाइकाची अडचण आणखी निराळी. रशियन स्पॅम रोखायला कोणी ‘फक्त इंग्रजी अक्षरे’ हा नियम लावतो, आणि ‘नाव’ रकान्यात देवनागरीत लिहिणारा प्रत्येक माणूस ‘अवैध नाव’ हे उत्तर वाचून परत जातो. फोनच्या रकान्याने ०, +९१, मधली मोकळी जागा आणि देवनागरी अंक हे सगळे स्वीकारावे. साफसूफ सर्व्हरने करावी. सक्तीचे रकाने तीन पुरतात: नाव, फोन किंवा ईमेल यांपैकी एक, आणि काय हवे ते. फॉर्मशेजारी फोन नंबर चित्रात न देता मजकुरात द्यावा, म्हणजे मोबाइलवर टिचकीने लागतो. सोबत दुकानाच्या वेळा.

बदल केल्यावर मोबाइल डेटावरून, मराठीत, याहू किंवा तत्सम पत्ता देऊन स्वतः एक चौकशी पाठवावी. जीमेलमध्ये ते पत्र उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडले की एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ दिसते. एसपीएफ पास आणि डीमार्क फेल असे आले तर बहुतेक वेळा दोष एकच असतो: पत्राच्या न दिसणाऱ्या प्रेषक-पत्त्यात होस्टिंग कंपनी दुकानाऐवजी आपले डोमेन घालते आहे. फॉर्मचे प्लगइन दुकानाच्या स्वतःच्या मेलबॉक्सच्या एसएमटीपीला लॉगिनसह जोडले की हा गुंता सुटतो.