शहरी सरोवर-भ्रमण : कॅनू व कयाक

शहराच्या वस्तीत किंवा वस्तीलगत असलेल्या नैसर्गिक वा कृत्रिम जलाशयात कॅनू किंवा कयाक या हलक्या, वल्ह्याने चालणाऱ्या होडीतून काठाकाठाने हिंडून त्या जलाशयाची ओळख करून घेण्याचा छंद. शर्यतीपासून तो वेगळा धरला जातो. येथे वेग व अंतर गौण असून लव्हाळ्यांची बेटे, ओढ्यांची मुखे, सांडवे आणि पुलांखालचे भाग जवळून पाहणे हा हेतू असतो. कॅनू सामान्यतः वरून उघडी असते व गुडघ्यांवर किंवा आसनावर बसून एकपाती वल्ह्याने चालविली जाते. कयाक वरून बव्हंशी आच्छादित असून तीत पाय पुढे पसरून दुपाती वल्हे मारतात.

या होड्यांच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. नेदर्लंड्समधील पेसे गावाजवळ १९५५ मध्ये महामार्गाच्या कामात सापडलेले, पाइनच्या खोडातून कोरलेले सु. ३ मी. लांबीचे होडके किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीनुसार इ. स. पू. ८०४० ते ७५१० या दरम्यानचे ठरते. ही होडी नसून जनावरांची गव्हाण किंवा तत्सम पात्र असावे, अशी शंका घेतली गेली. परंतु २००१ मध्ये तयार केलेली तिची प्रतिकृती पाण्यावर व्यवस्थित वल्हविता आल्यामुळे होडीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. कयाकचा उगम उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट, अल्यूट व त्यांच्या पूर्वीच्या लोकांकडे जातो. लाकूड, हाडे व कातडी हे घटक सहसा टिकत नसल्याने तिचा काळ निश्चित करणे कठीण आहे. तो निदान ४,००० वर्षांइतका मागे नेण्याकडे कल दिसतो.

विरंगुळ्यासाठी वल्हविण्याच्या प्रथेचे जनकत्व बहुधा जॉन मॅग्रेगर (१८२५–९२) या स्कॉटिश वकिलास दिले जाते. १८६५ मध्ये त्याने ‘रॉब रॉय’ नावाच्या होडीतून यूरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढील वर्षी लंडनमध्ये कॅनू क्लब स्थापन झाला. सु. १५ फूट लांबीची ही होडी आच्छादित असून दुपाती वल्ह्याने चाले, म्हणजेच आजच्या वर्गीकरणानुसार ती कयाकच ठरते. तिला कॅनू म्हणण्याचा ब्रिटिश प्रघात पुढेही टिकल्याने जुन्या नोंदींतून कोणती होडी अभिप्रेत आहे, हे दर वेळी तपासावे लागते. तथापि उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची व त्यांच्याकडून फरच्या व्यापाऱ्यांनी उचललेली भूर्जसालीच्या कॅनूची परंपरा अखंड असल्याने, मॅग्रेगरला प्रवर्तकापेक्षा प्रचारक मानणे सयुक्तिक होय. म्यूनिकच्या आल्फ्रेड हाउरिखने १९०५ मध्ये बनविलेल्या घडीच्या कयाकचे हक्क १९०७ मध्ये योहान क्लेपरने घेतले. आगगाडीतून नेता येणाऱ्या या होडीने घरी होडी ठेवण्यास जागा नसलेल्या शहरवासीयांचीही सोय झाली.

बरीच प्रसिद्ध शहरी सरोवरे मानवनिर्मित आहेत. हँबर्गमधील बाह्य आल्स्टर मध्ययुगात पाणचक्कीसाठी नदी अडविल्याने तयार झाले. ऑस्टिनचे लेडी बर्ड सरोवर १९६० च्या धरणामुळे बनले असून तेथे पोहण्यास बंदी, पण वल्हविण्यास मुभा आहे. कॅनबराचे बर्ली ग्रिफिन सरोवर १९६४ मध्ये भरले. मिनीआपोलिसमध्ये लेक ऑफ द आइल्स व ब्डे माका स्का ही सरोवरे १९११ मध्ये कालव्याने जोडण्यात आली, त्यामुळे होडी न उचलता एकातून दुसऱ्यात जाता येते.

या होड्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या उथळ बुडीत, म्हणजे तळाचा फारच थोडा भाग पाण्याखाली राहण्यात आहे. काही इंच पाणीही त्यांना पुरत असल्याने यांत्रिक नौका जेथे पोचत नाहीत, अशा काठच्या पट्ट्यात त्या शिरतात, आणि शहरी सरोवराचे सर्व व्यवहार याच पट्ट्यात चालतात. पर्जन्यजलवाहिनीच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरलेला असतो. पावसानंतर तेथे पाण्याचा रंग एका स्पष्ट रेषेवर बदलतो व तेलाचा सप्तरंगी तवंग दिसतो. थोड्याच अंतरावर लव्हाळ्यांत टिबुकलीचे ओल्या वनस्पतींचे तरंगते घरटे आढळू शकते. विणीच्या काळात त्यापासून दूर राहणे आवश्यक आहे, कारण बावचळलेली मादी अंडी उघडी टाकून पाण्यात बुडी मारते.

वाऱ्याचा विचार मात्र काटेकोरपणे करावा लागतो. लाटांची उंची वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि मोकळ्या पाण्यावरील त्याची धाव (तो अखंड वाहतो ते अंतर) यांवर अवलंबून असते. लहान सरोवरात धाव कमी असल्याने लाटा ठेंगण्या राहतात, पण उथळ पाण्यात त्या आखूड व चढ्या होतात. दगडी किंवा काँक्रीटच्या उभ्या तटावर आदळून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळल्या की पाणी जागच्या जागी उसळते. अशा तटाला चिकटून जाण्यापेक्षा थोडे अंतर राखणे हितावह. उंच इमारतींमधील फटींतून वारा झोतासारखा येतो. कयाक वाऱ्यापुढे बुटकी असल्याने कमी ढकलली जाते; एकट्याने चालविलेल्या रिकाम्या कॅनूचे पुढचे टोक उचललेले राहून वाऱ्याबरोबर वळते, यासाठी पुढे थोडे वजन ठेवतात. जाताना वाऱ्याविरुद्ध व परतताना वाऱ्याबरोबर वल्हविण्याचा संकेत सामान्यतः पाळला जातो. वसंतात हवा ऊबदार असली तरी पाणी थंडच असते. अशा पाण्यात अचानक पडल्यास श्वासावरचा ताबा सुटतो, म्हणून जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलेच असले पाहिजे.

खते व सांडपाण्यातून येणारे फॉस्फरस साचल्यास उन्हाळ्यात नीलहरित जीवाणूंची वाढ होते. काठाशी हिरव्या रंगासारखी साय दिसल्यास पाण्याचा स्पर्श टाळावा, कारण काही जाती विष तयार करतात. बर्ली ग्रिफिन सरोवर या कारणाने वेळोवेळी बंद ठेवावे लागले आहे.

एका जलाशयातून दुसऱ्यात होडी नेताना उपद्रवी जाती पसरतात. झेब्रा शिंपल्याच्या सूक्ष्म डिंभावस्था होडीत उरलेल्या पाण्यातही काही काळ जिवंत राहतात, वनस्पतींचे तुकडे वल्ह्याला व आसनाखाली अडकतात. त्यामुळे होडी पाण्याबाहेर काढल्यावर सर्व पाणी ओतून, चिखल धुऊन ती पूर्ण वाळू देतात.