‘किल्ड’ म्हणजे मारलं कोणी?

रविवारी इंदूरच्या रामबागेत ताईकडे पोहे खायला गेलो आणि भाच्याच्या लॅपटॉपमध्येच अडकून बसलो. पोराकडे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 300 वीजमीटरचं वर्षभराचं रीडिंग, दर 15 मिनिटांनी एक, म्हणजे मीटरमागे दिवसाला 96, वर्षाला 35,040, सगळ्या मिळून 1 कोटी 5 लाख ओळी. प्रोग्राम सगळं नीट वाचायचा, आणि फाइल लिहायची वेळ आली की स्क्रीनवर एकच शब्द, ‘किल्ड’. "मामा, डिस्क भरली बहुतेक."

डिस्क भरली असती तर जागा नाही असा सरळ एरर आला असता. पायथनला, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिला, मेमरी नाकारली गेली तर ‘मेमरी एरर’ येतो, तो निदान कुठल्या ओळीवर ते सांगतो. नुसतं ‘किल्ड’ आलं की बहुतेक वेळा लिनक्सचंच, म्हणजे लॅपटॉप चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचंच, काम असतं. तो मागेल त्याला मेमरी कबूल करून बसतो आणि खरंच रॅम संपली की सहसा सगळ्यात जास्त खाणाऱ्याला सिग्नल 9, म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता बंद’ असा हुकूम, देऊन उडवतो. म्हणून प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा, एक्झिट कोड, 137, म्हणजे 128 अधिक 9. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये बघितलं, भाच्याचा प्रोग्राम नावासकट तिथे.

आता तो लिहितानाच का मरतो, तर खरी गंमत इथे आहे. त्याने तारीख-वेळ मजकूर म्हणून ठेवलेली, 19 अक्षरं, पण पायथनच्या प्रत्येक स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यावर, वेगळं 40-50 बाइटचं ओझं असतं, वर तिचा पत्ता ठेवायला 8. एवढा एकच कॉलम पाऊण जीबी! तीच वेळ तारखेच्या टाइपमध्ये ठेवली तर ओळीला 8 बाइट, सगळा कॉलम 84 एमबी. त्यात पठ्ठ्याने 300 तुकडे लिस्टमध्ये जमवून शेवटी एकत्र जोडलेले, म्हणजे जोडताना तुकडेही रॅममध्ये आणि जोडलेलंही, आणि लिहिण्याआधी सॉर्ट केलं ती अजून एक कॉपी. 8 जीबी रॅममध्ये ब्राउझरही उघडाच होता, ते सोडा.

माझ्या मते अशा वेळी कोड वाचत बसू नये, आधी मोजावं. 10 मीटर घेऊन चालवलं, मग 20, मग 40, दर वेळी मेमरीचा सगळ्यात वरचा आकडा लिहून घेतला. डेटाबरोबर तो आकडाही चढत गेला, म्हणजे कुठेतरी सगळं धरून ठेवलंय. मग एक मीटर वाचायचा, लगेच पार्केट फाइलला (मोठ्या तक्त्यांसाठीचा आटोपशीर फाइल प्रकार) जोडायचा, रॅममधून सोडून द्यायचा असं केलं. आपला पोहेवाला भिया तरी सकाळीच दिवसभराचे पोहे कुठे करतो, पातेलं उतरलं की पुढचे वाफेवर टाकतो. आता 10 मीटर घ्या की 300, आकडा जवळपास तिथेच.

एवढं झाल्यावर पोरगं म्हणे सरांना एक्सेलच हवंय, 30 मीटरचं तरी. 30 मीटर म्हणजे 10,51,200 ओळी, एका शीटमध्ये मावतात 10,48,576. 2,624 ओळी बाहेर, वरची कॉलमच्या नावांची ओळ धरली तर 2,625. शेवटी 29 मीटर पाठवले.