पार्श्वभूमी : शैक्षणिक मूल्यमापनाचे काम आणि प्राध्यापकांची बढती

नाशिकच्या अध्यापक महाविद्यालयांत शैक्षणिक योजनांचे मूल्यमापन करणारी माणसे आहेत. मात्र त्या कामावर उभी राहिलेली प्राध्यापकी क्वचितच दिसते. असे का झाले, याचे उत्तर मुख्यतः २०१० नंतरच्या नियमांत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. सामुदायिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला आणि त्याच महिन्यात त्याच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र यंत्रणाही उभी राहिली. शिक्षणात ही गरज १९७८चा प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८ नंतरच्या साक्षरता मोहिमांमुळे वाढली. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ आले. दूरशिक्षणात विद्यार्थी रोज समोर नसतो, त्यामुळे अभ्यासक्रम पोहोचतो की नाही हे मुद्दाम तपासावेच लागते. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने राज्याच्या नऊ जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम राबवला गेला. शेजारचे धुळे त्यात होते, नाशिक नव्हते. पायाभूत आणि मध्यावधी पाहण्यांचा जो सराव त्या जिल्ह्यांत झाला, तो इथे घरच्या अंगणात मिळाला नाही.

सर्व शिक्षा अभियानात संशोधन, मूल्यमापन आणि देखरेख यांसाठी शाळेमागे वर्षाला कमाल १,५०० रुपयांची तरतूद होती. त्रयस्थ मूल्यमापनाची कामे महाविद्यालयांपर्यंत यायला लागली ती याच काळात. पेठ, सुरगाणा, कळवणच्या आश्रमशाळांत चाचणी घ्यायची तर ती प्रमाण मराठीत घ्यावी की सूचना कोकणा बोलीतून समजावून द्याव्यात, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर गणिताच्या गुणांत भाषेची अडचण मिसळते आणि अहवालात मूल गणितात कच्चे ठरते. असा प्रश्न ओळखायला त्या भागात राहिलेला संशोधक लागतो.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एपीआय, म्हणजे अध्यापकाच्या शैक्षणिक कामाला गुण देणारी पद्धत, आणली. बढतीसाठी संशोधन मोजले जाऊ लागले. मूल्यमापन अहवालाला त्यात वेगळा रकाना नव्हता. तो सल्लासेवेत बसवायचा, आणि तिचे गुण मिळालेल्या रकमेवरून ठरायचे. म्हणजे एखाद्या आदिवासी तालुक्यातल्या शाळांचा कमी पैशांत, नेटाने केलेला अभ्यास जवळपास मोजलाच जात नव्हता.

आयोगाच्या २०१८च्या नियमांनी आकडे बदलले. सामाजिक शास्त्रांत जर्नलमधल्या एका शोधनिबंधाला १० गुण, सल्लासेवेला ३ आणि राज्य सरकारला सादर केलेल्या धोरण दस्तऐवजाला ४. लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. मूल्यमापनाचे काम मुळातच गटाचे असते. चाचणी बनवणारा, शाळांत जाणारा आणि आकडेवारी पाहणारा हे वेगवेगळे असतात. महाविद्यालयातल्या अध्यापकाला बढतीने प्राध्यापकपद हवे तर किमान ११० गुण लागतात. मग तो वर्षभर अहवालावर घालवेल की दोन शोधनिबंध लिहील?

या नियमांच्या बाजूनेही युक्तिवाद होतो. अहवाल ज्याने पैसे दिले त्याच्याकडे जातो, त्याची समीक्षा होत नाही, तो अनेकदा प्रसिद्धही होत नाही, मग गुण कशावर द्यायचे? आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय अहवाल प्रसिद्ध करून त्याची समीक्षा घडवणे हा होता. तो बाजूला ठेवून कामाचीच किंमत कमी केली गेली.

याच सुमारास पैसा दुसऱ्या वाटेने आला. कंपन्यांनी नफ्यातला काही वाटा समाजकामावर खर्च करण्याची, म्हणजे सामाजिक दायित्वाची (सीएसआर), कंपनी कायद्यातली तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. जानेवारी २०२१ पासून, ज्या कंपन्यांचा या दायित्वाचा बंधनकारक खर्च वर्षाला सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यांकन करून घेणे बंधनकारक झाले. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात ही मोठी संधी आहे. पण नियोजन आणि अहवाल सल्लागार कंपन्यांकडे, तर शाळांत जाऊन माहिती गोळा करण्याचे काम एम.एड.च्या विद्यार्थ्यांकडे, अशी वाटणी झाली तर अभ्यासक घडणार कुठून?

आयोगाच्या नव्या नियमांच्या जानेवारी २०२५च्या मसुद्यात गुणांची बेरीज वगळून उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे सुचवली आहेत आणि त्यांपैकी किमान चारांत काम दाखवण्याची अट आहे. त्यांत सल्लासेवा आहे, समाजाशी जोडलेले काम आहे, स्टार्टअपही आहे. कार्यक्रम मूल्यमापनाचा स्वतंत्र उल्लेख नाही.