घाटी

घाटी : सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून, म्हणजे देशावरून आलेल्या माणसासाठी किनारपट्टीवर रूढ असलेला शब्द. मुंबई आणि गोव्यात तो हिणवण्यासाठी वापरला जातो. कोकणात तो कधी नुसता ओळखीचा, तर कधी टोचणारा असतो. खुद्द देशावर मात्र तो क्वचितच ऐकू येतो. साताऱ्याचा किंवा जुन्नरचा माणूस मुंबईला येईपर्यंत घाटी नसतो.

घाट या मूळ शब्दाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठचा उतार किंवा पायऱ्या. परंतु हे रूप संस्कृत वाङ्मयात उशिरा दिसते. त्यामुळे ते द्राविडी भाषांतून, बहुधा ‘कट्ट’ (बांध) या शब्दाच्या कुळातून आले असावे, असे एक मत आहे. डोंगर उतरण्याची वाट हा अर्थ त्याच उतारावरून आला असणे संभवते. तिसरा अर्थ, म्हणजे संपूर्ण पर्वतरांगेला ‘घाट’ म्हणणे, हा बराच अलीकडचा दिसतो. युल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात म्हटले आहे की, घाटावरचा मुलुख आणि घाटाखालचा मुलुख असे लोक बोलत, ते ऐकून परकीयांनी ‘घाट’ हे डोंगराचेच नाव समजून घेतले. हे मत ग्राह्य वाटते. कारण मराठीत आजही बोरघाट, थळघाट, नाणेघाट, आंबा घाट ही वाटांची नावे आहेत आणि रांगेला सह्याद्रीच म्हणतात. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने घाटापलीकडच्या प्रदेशाला ‘बालागाते’ म्हटले आहे. हा फार्सी ‘बाला’ (वरचा) आणि ‘घाट’ यांचा जोड होय. दक्षिणेच्या मुसलमानी राजवटींच्या कारभारात बालाघाट आणि पाईनघाट अशी वरच्या-खालच्या मुलखांची जोडी प्रचलित होती. तीत हिणकस असे काहीच नव्हते; वरचा मुलुख हा तर राज्यकर्त्यांचा मुलुख होता.

मग ‘घाटी’ला कमीपणा कधी चिकटला? एका मताप्रमाणे तो किनारा आणि पठार यांच्या जुन्या दुराव्यातून आला. भात खाणाऱ्याने भाकरी खाणाऱ्याला रांगडे म्हणावे आणि उलट ऐकून घ्यावे, हे पूर्वीपासून चालत आले आहे. दक्षिण कर्नाटकच्या किनाऱ्यावरही वरच्यांना ‘घट्टदवरु’ (घाटावरचे) म्हणतात, हा या मताला आधार. तथापि नुसत्या दुराव्याने शब्दाची शिवी होत नाही. कोकणातून मीठ आणि मासळी वर जाई, वरून धान्य आणि गूळ खाली येई. या व्यवहारात घाटी हा गिऱ्हाईकही होता. शब्द खाली घसरला तो मुंबईच्या मजुरीच्या बाजारात, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली आणि थळघाटातून १८६५ साली सुरू झाली. १८७६–७८ च्या दुष्काळाने देशावरचे शेतकरी खाली लोटले. गिरण्यांत तोवर रत्नागिरीकडच्या कोकणी कामगारांचा भरणा होता. गोदीत, दाणाबंदरात आणि मशीद बंदराच्या वखारींत पाठीवर ओझी वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणात सातारा, पुणे, नगरकडच्या माणसांच्या वाट्याला आले. हमाल आणि घाटी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले, ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गुजराती, पारशी आणि ख्रिस्ती घरांत पुढे घरगड्यालाही घाटी म्हणत. (त्याच घरगड्याला ‘रामा’ असेही नाव होते, मग त्याचे खरे नाव काहीही असो.) अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेतून आणि १९६९ च्या कायद्यातून या ओझेवाल्यांना ‘माथाडी’ हे दुसरे नाव मिळाले. कागदावर तरी घाटी संपला.

मुंबईत या शब्दाची व्याप्ती पुढे अशी वाढली की मूळ भूगोलच नाहीसा झाला. अमराठी वस्तीत कोणताही मराठी माणूस घाटी ठरू लागला. यात गंमत अशी की मालवणचा किंवा चिपळूणचा माणूसही त्यात आला. गावी ज्या शब्दाने तो कोल्हापूरकराला वेगळे काढतो, तोच शब्द मुंबईत त्याच्या पाठीवर बसतो. त्याला राग येतो तो दुहेरी असतो: आपल्याला हिणवले म्हणून, आणि ‘त्यांच्यात’ मोजले म्हणून.

मराठी घरांतही हा शब्द आहेच, पण तेथे तो जातीचा किंवा प्रांताचा न राहता राहणीचा झाला आहे. दादरची मुलगी भावाला ‘हे काय घाटी कपडे घातलेस’ म्हणते, तेव्हा दोघांचे आजोळ कराडला असले तरी तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. भडक रंग, मोठ्याने बोलणे, ‘ण’च्या जागी ‘न’ येणे, म्हणजे ‘पाणी’चे ‘पानी’ होणे, ही त्या घाटीपणाची ठरलेली लक्षणे. हेच वाक्य शेजारचा अमराठी मुलगा बोलला, तर भांडण होते. मित्रांत ‘ए घाट्या’ ही हाक चालते, पण हाक मारणारा स्वतः घाटावरचा असला पाहिजे, हा अलिखित नियम.

गोव्यात उच्चार सानुनासिक, ‘घांटी’. तेथे त्याचा रोख मुख्यतः उत्तर कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून मजुरीसाठी आलेल्यांवर असतो. बाहेरच्यांसाठी कोंकणीत ‘भायले’ हा शब्द आहे. दिल्लीहून येऊन बंगला घेणारा सहसा भायलो, बांधकामावर विटा वाहणारा घांटी. अलीकडे रागाच्या भरात पर्यटकांनाही घांटी म्हटले जाते.

शब्दाचे निरुपद्रवी उपयोगही आहेत. मुंबईत वडापावाबरोबरची सुकी लसणाची चटणी ‘घाटी मसाला’ म्हणून पाकिटांतून विकली जाते आणि तिखटपणाची हमी म्हणून लोक ती मागून घेतात. छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ‘घाटी’ याच नावाने ओळखले जाते. ‘आईला घाटीत भरती केलंय’ असे तेथे कुणीही सहज बोलतो. मुंबईचा पाहुणा मात्र पहिल्यांदा ऐकताना अडखळतो.